दहा माणसं, आठ जणांची बोट

ताई,
पुढच्या महिन्यात आमचं सगळं कुटुंब एका दिवसासाठी एकत्र येतंय. भाऊजींनी टूम काढली आहे की दिवसभरासाठी मोटरबोट भाड्याने घ्यायची. चालक नको, ते स्वतः चालवणार. आजवर त्यांनी दोनदा बोट चालवली आहे, तीही मित्र शेजारी बसलेला असताना. आम्ही मोठी सात आणि मुलं तीन: बारा, नऊ आणि चार वर्षांची. बोट आठ जणांची आहे. भाऊजी म्हणतात, मुलांचं असं कितीसं वजन! सासूबाईंना पोहता येत नाही, मलाही नाही. बेत असा की सकाळी आरामात निघायचं, खाडीच्या तोंडाशी असलेल्या बेटापर्यंत जायचं, तिथे पोहायचं, सूर्यास्त पाण्यावरून बघायचा आणि परतायचं. मी एक-दोन शंका काढल्या तर ‘वहिनी, तुम्ही कायम काठावरच राहणार’ असं ऐकून घ्यावं लागलं. सगळे हसले, मीही हसले. पण डोक्यातून जात नाहीये. मला मोडता घालायचा नाही, दिवस छानच जायला हवा आहे. नेमकं काय बघू, काय विचारू?
— काठावरची वहिनी

प्रिय वहिनी,

बोट किती खाली बसली आहे हे काठावरच्या माणसालाच नीट दिसतं. आत बसलेल्याला ते कळत नाही. तेव्हा हे टोपणनाव अभिमानाने वापरा.

तुमच्या पत्रातली सगळ्यात गंभीर गोष्ट तुम्ही एका वाक्यात उरकली आहे. आठ जणांच्या बोटीत दहा माणसं बसत नाहीत. चार वर्षांचं मूल एक माणूस आणि सासूबाई एक माणूस. इथे अर्धं तिकीट नसतं. बऱ्याच बोटींवर एक छोटी पट्टी ठोकलेली असते, तिच्यावर किती माणसं आणि सामानासकट किती किलो हे लिहिलेलं असतं. दोन्हींपैकी जे आधी भरेल तिथे थांबायचं. शिवाय तो आकडा चांगल्या हवेसाठीचा असतो. वारा उठला की तोच आकडा जास्त ठरतो.

भाऊजींना वजनाचा हिशेब मांडू द्या, पण प्रश्न नुसत्या वजनाचा नाहीच. बोट जड झाली की तिची कड पाण्याच्या जवळ येते आणि शेजारून गेलेल्या मोठ्या बोटीची एक लाट आत यायला पुरते. आणि माणसं पोत्यांसारखी जागेवर राहत नाहीत. एकाने ‘ते बघा!’ म्हटलं की दहाच्या दहा उजव्या कडेला धावतात. त्यातली तीन मुलं सीटवर उभी असतात. लहान बोटी उलटतात त्या बहुतेक अशाच. वादळ लागतंच असं नाही. त्यातून आठ जणांच्या बोटीत जॅकेटं आठ असतात, आणि दोन माणसं जास्त आहेत हे समजलं की विमा कंपनी हात झटकायला मोकळी.

माझं मत विचाराल तर बारा जणांची बोट घ्या आणि चालकासह घ्या. तांडेलाच्या शेजारी उभं राहून भाऊजींना मोकळ्या पाण्यात अर्धा तास सुकाणू हातात मिळेल. फोटोही होतील. आणि धक्क्याला बोट लावण्याचं नाजूक काम ज्याचं त्याच्याकडे राहील. दहा माणसांपैकी दोघींना पोहता येत नाही, एक चार वर्षांचं आहे आणि चालवणाऱ्याचा अनुभव दोन फेऱ्यांचा आहे. इतक्या गोष्टी एकत्र आल्यावर चालकाचे पैसे वाचवू नयेत.

तरीही स्वतःच चालवायचं ठरलं, तर माणसं कमी करा किंवा दोन बॅचेस करा. परवान्याचे नियम जागोजागी वेगळे असतात. कुठे लहान इंजिनाला काहीच लागत नाही, कुठे प्रमाणपत्राशिवाय किल्ली मिळत नाही. ते भाऊजींनाच विचारायला सांगा. मात्र परवाना लागो न लागो, निघण्याआधी बोटवाल्याच्या माणसाला सोबत घेऊन अर्धा तास सराव झालाच पाहिजे: चालू करणं, थांबवणं, मागे घेणं, धक्क्याला लावणं. ज्यांना गाडी चांगली येते, त्यांचीच बोटीत जास्त फसगत होते. बोटीला ब्रेक नसतो. गाडीची पुढची चाकं वळतात आणि मागचं अंग मुकाट मागोमाग येतं. बोट वळवली की तिचा मागचा भाग बाहेरच्या बाजूला फेकला जातो आणि शेजारच्या बोटीला घासतो. बाहेरून लावलेल्या इंजिनाची बोट असेल तर गॅस सोडला की सुकाणूही जवळपास मेलं. धक्क्याकडे जाताना वारा किंवा पाण्याची ओढ, जे जोरात असेल ते समोरून घ्यायचं, म्हणजे ते आपोआप वेग मारतं. आणि शेवटच्या दोन हातांवर बोट सरकू लागली तर कोणीही हातपाय मध्ये घालू नये. बोटीला ओरखडा पडू दे.

चालवणाऱ्याच्या जागेजवळ बहुधा लाल रंगाची, पिळाची एक दोरी लोंबत असते. ती शोभेची नाही. तिचं एक टोक इंजिनाच्या बटणाला आणि दुसरं चालवणाऱ्याच्या अंगाला अडकवायचं. तो धक्क्याने पाण्यात फेकला गेला तर दोरी सुटते आणि इंजिन बंद पडतं. ती लावलेली नसेल तर रिकामी बोट गोल गोल फिरत त्याच माणसावर परत येते. भाऊजी ‘कशाला, मी काय पडतोय’ म्हणतील. म्हणू द्या, पण दोरी लावा.

पाण्यावर वाट देण्याचा जगभरचा नियमही त्यांना आधीच वाचायला सांगा. दोन मोटरबोटी समोरासमोर आल्या तर दोघींनी आपापल्या उजवीकडे वळायचं. आडव्या येत असतील तर जिच्या उजव्या हाताला दुसरी बोट दिसते तिने थांबायचं किंवा मागून जायचं. मोठ्या जहाजाशी मात्र नियमांची चर्चा नको. त्याला थांबायला किलोमीटरभर आणि त्याहूनही जास्त पाणी लागू शकतं, आणि त्याच्या नाकासमोरची लहान बोट वरून दिसतही नाही. लाल-हिरव्या बोयांचे, म्हणजे वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांचे, अर्थ जगाच्या दोन भागांत एकमेकांच्या उलट आहेत, त्यामुळे इंटरनेटवर वाचलेलं चालणार नाही. ज्या पाण्यात जाणार तिथल्याच माणसाला विचारायचं.

आता त्या बेटाकडे येऊ. माझं खरं भांडण बेताशी आहे: लांबचं बेट, आरामात निघणं आणि पाण्यावरून सूर्यास्त. सूर्य पाण्यावरून बुडताना बघितला म्हणजे परतीचा सगळा रस्ता अंधारात करायचा. मासेमारीची जाळी, तरंगते दोर, बिनदिव्याच्या होड्या, काहीच दिसत नाही. आणि दिवसा ओळखीचा वाटलेला किनारा रात्री नुसत्या दिव्यांची रांग होतो. सूर्यास्त धक्क्यावरून बघा. बोट बांधलेली, सासूबाई खुर्चीत, मुलं कोरड्या कपड्यांत. तिथूनही सूर्य तोच असतो.

उलट सकाळी लवकर निघा. दिवस चढतो तशी जमीन तापते आणि बहुतेक ठिकाणी दुपारी वारा वाढतो. जाताना वारा तोंडावर असेल अशा दिशेला जा, म्हणजे दमल्यावर तोच वारा घराकडे ढकलेल. वारा जमिनीकडून पाण्याकडे वाहत असेल तर विशेष सावध राहा, कारण अशा वेळी किनाऱ्याजवळचं पाणी तव्यासारखं सपाट दिसतं आणि खोलवर गेल्यावर कळतं की आपण नुसते बाहेर बाहेर चाललोय. खाडीचं तोंड म्हटलंत, तेव्हा भरती-ओहोटीच्या वेळा काढायलाच हव्यात. ओहोटीचं पाणी बाहेर धावत असताना समोरून वारा आला की तोंडाशी लाटा आखूड आणि उभ्या होतात. सकाळी सहज पार केलेली जागा चार-पाच तासांनी ओळखू येत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा ओढ सगळ्यात जास्त. तारीख ठरवताना निदान एवढं बघा.

इंधनाचा हिशेब सोपा आहे: एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, उरलेलं हात न लावण्यासाठी. काट्यावर मात्र जाऊ नका. हे मी अनुभवाने सांगते. एकदा आम्ही सहा जण अशीच बोट घेऊन निघालो. काटा पाऊण टाकीवर होता. दोन तासांनीही पाऊण टाकीवरच होता, आणि आम्ही बोट किती कमी पिते म्हणून खूश! मग इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं. काटा तेव्हाही पाऊणवरच. बोटीत वल्हं एकच. माझे यजमान एका बाजूने वल्हवत होते आणि बोट स्वतःभोवती फिरत होती. तासाभराने एका मच्छीमाराने दोर टाकून ओढून आणलं, वाटेत एक शब्दही न बोलता. तो काही बोलला असता तर बरं वाटलं असतं. तेव्हापासून मी टाकी किती लिटरची आणि इंजिन तासाला किती लिटर खातं हे विचारून घेते आणि घड्याळ बघते.

यातूनच मी एक सवय लावून घेतली, आणि तुम्हाला एकच गोष्ट करता येणार असेल तर ही करा. परत कधी फिरायचं ते धक्क्यावर असतानाच ठरवा आणि दहाही जणांना ऐकू जाईल असं बोलून टाका. पाण्यावर गेल्यावर ते ठरत नाही. तिथे बेट समोर दिसत असतं, मुलं ‘अजून थोडं’ म्हणत असतात, भाऊजींना मागे फिरणं हरल्यासारखं वाटतं आणि पुन्हा शंका काढणारी तुम्हीच असता. म्हणून आधीच सांगायचं: अमुक वाजले की जिथे असू तिथून मागे, बेट दोनशे हातांवर असलं तरी. लाटांच्या माथ्यावर सगळीकडे पांढरा फेस दिसू लागला की मागे. साधारण ताशी २० ते २८ किलोमीटर वाऱ्याला तो तसा दिसतो आणि उघड्या लहान बोटीतली मजा तिथे संपते. गडगडाट ऐकू आला की लगेच मागे. वीज चमकल्यावर सेकंद मोजा, तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला तर ती तुमच्यापर्यंत पोहोचू शकते. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी पुन्हा पाण्यावर जायचं नाही. आणि दहांतला कोणीही, कारण न देता, ‘परत’ म्हणाला तर परत. हा शेवटचा नियम तुमच्यासाठी आहे, पण सांगताना सासूबाईंच्या नावावर खपवा.

याच कारणासाठी बुकिंग करताना एक प्रश्न नक्की विचारा: हवा बिघडली तर पैसे परत मिळतात का, निदान तारीख बदलून मिळते का? ज्यांचे पैसे अडकलेले असतात ते नको त्या हवेत निघतात. बाकी कागदपत्रांचं फार सांगत नाही. अनामत किती, विम्यात इंजिनाचा पाण्याखालचा पंखा धरलाय का, आणि ताब्यात घेताना बोटीचा चारही बाजूंनी आणि पंख्याचा व्हिडिओ. बस.

जॅकेटं. ‘सीटखाली आहेत’ हे उत्तर नाही. पडलेल्या माणसाला सीटखालचं जॅकेट काय कामाचं? तुम्ही, सासूबाई आणि तिन्ही मुलांनी ती धक्क्यावरच, बोटीत पाय टाकण्याआधी घालायची आणि धक्क्यावर परत आल्यावर काढायची. तुम्हा दोघींसाठी आणि मुलांसाठी फोमची मागा, हवा भरून फुगणारी नकोत. चार वर्षांच्या मुलाचं जॅकेट वयावर नाही तर वजनावर घ्यायचं. त्याला पायांमधून जाणारा पट्टा हवा आणि मानेमागे धरायला कडी हवी. घातल्यावर जॅकेटचे खांदे धरून वर उचलून बघा. ते कानापर्यंत सरकलं तर मोठं आहे, पाण्यात मूल खालून निसटेल. या मापाचं आहे का ते फोनवरच विचारा, कारण नेमकं हेच तिथे नसतं. दंडातले फुगे आणि टायर ही खेळणी आहेत. पाणी १५ अंशांपेक्षा थंड असेल तर पट्टीच्या पोहणाऱ्यांनीही जॅकेट घालावं. थंड पाण्यात पडल्यावर पहिलं मिनिट नुसतं धापा टाकण्यात जातं आणि साधारण दहा मिनिटांत हातपाय ऐकेनासे होतात. पोहता येणं तिथे फारसं उपयोगाला येत नाही.

पोहणं हा दिवसाचा सगळ्यात मजेचा भाग, म्हणून तिथे थोडं थांबते. आधी नांगर. तो बोटीच्या पुढच्या टोकाकडून टाकायचा, मागून कधीच नाही. मागची कड बुटकी असते, लाट सरळ आत येते. दोर खोलीच्या पाच ते सात पट सोडायचा. पाणी तीन मीटर असेल तर पंधरा-वीस मीटर. नंतर इंजिन पूर्ण बंद आणि किल्ली चालवणाऱ्याच्या खिशात. नुसतं न्यूट्रल पुरत नाही, पंखा त्यातही हळूहळू फिरत असू शकतो. मग एकाच मोठ्या माणसाने उतरून शिडीने परत चढून दाखवायचं. शिडी पाण्याखाली पुरेशी जाते का, ओल्या अंगाने चढता येतं का, हे सगळे पाण्यात उतरल्यावर कळू नये. पाण्याची ओढ किती आहे तेही त्यालाच समजेल. खोली माहीत नसलेल्या पाण्यात डोक्याकडून सूर कोणी मारायचा नाही, बारा वर्षांच्या वीराने तर नाहीच.

आणि वर एक राखण. जी पोहत नाहीये, फोन हातात नाहीये आणि फक्त डोकी मोजतेय अशी एक मोठी व्यक्ती, वीस-वीस मिनिटांनी बदलून. बुडणारा माणूस हात हलवून ओरडत नाही. त्याचं तोंड पाण्याच्या पातळीवर खालीवर होत असतं, डोकं मागे कललेलं असतं, आणि श्वासच पुरत नसतो तिथे हाक कुठून येणार? लांबून तो उभा असल्यासारखा दिसतो. लहान मूल या अवस्थेत अर्धं मिनिटही टिकत नाही. बडबडणारं मूल अचानक गप्प झालं की बघायचं.

इंजिन किंवा जनरेटर चालू असताना मागच्या पायरीवर पाय सोडून कोणी बसू नये. फोटो तिथेच सुंदर येतात आणि धूरही तिथेच साचतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं दुखतं, मळमळतं, आणि सगळ्यांना वाटतं बोट लागली.

कोणी चालत्या बोटीतून पडलंच तर एकाने ओरडायचं आणि त्याच्याकडे बोट दाखवत राहायचं, नजर न हलवता. लाटांमध्ये डोकं फार लवकर हरवतं. दुसऱ्याने तरंगणारी वस्तू फेकायची. चालवणाऱ्याने तो ज्या बाजूला पडला त्याच बाजूला सुकाणू फिरवायचं, म्हणजे पंखा त्याच्यापासून दूर जातो. मग हळू वळून यायचं आणि जवळ आल्यावर इंजिन बंद. मागोमाग उडी मारणारा अनेकदा दुसरा बुडणारा ठरतो. सकाळी एक उशी फेकून हा खेळ एकदा खेळा. मुलांना फार आवडतो. आणि बोट उलटलीच तर तिला धरून राहायचं, किनारा जवळ दिसला तरी. उलटी बोट लांबून दिसते, एकटं डोकं दिसत नाही.

चालवणाऱ्याने दिवसभर दारूला हात लावायचा नाही, पोहणाऱ्यांनीही नाही. ऊन, वारा आणि इंजिनाची घरघर यांनी माणूस एरवीही झिंगल्यासारखा होतो. फोन जलरोधक पिशवीत ठेवा. बोटीत रेडिओ असेल तर मदतीचा चॅनल १६ आणि ‘मेडे’ ही संकटाची हाक तीनदा, हे दोघांना तरी माहीत हवं. किनाऱ्यावरच्या कुणाला तरी लिहून द्या: कोणती बोट, किती माणसं, कुठे, किती वाजता परत, आणि त्यानंतर किती वेळाने कुणाला फोन करायचा.

सासूबाईंना मध्यभागी किंवा थोडं मागे, सावलीत बसवा. पुढच्या टोकावर बोट आपटते आणि म्हाताऱ्या मणक्याला तो हिसका महागात पडतो. बोट लागत असेल तर आत बंदिस्त जागेत नेऊ नका. बाहेर क्षितिजाकडे बघत बसलेलं बरं. यात लाजण्यासारखं काही नाही, चार्ल्स डार्विनला १८३१ ते १८३६ या ‘बीगल’च्या प्रवासात बोट शेवटपर्यंत लागत होती. गोळी घ्यायची तर निघण्याआधी, आणि त्यांची इतर औषधं बघून डॉक्टरांना विचारून. झोप येते, तेव्हा भाऊजींना नको. आणि बोटीत शौचालय आहे का ते विचाराच. नसेल तर आपण बायका काय करतो ते तुम्हाला माहीत आहे: दिवसभर पाणीच पीत नाही आणि संध्याकाळी उन्हाने डोकं धरून बसतो. तसं असेल तर दुपारी एकदा धक्क्याला परत यायचा थांबा ठेवा. ज्याला उतरायचं तो तिथे उतरेल.

जाता जाता एक शंका. तुमच्या पत्रात भाऊजींना काय हवंय ते आहे, मुलांचं आहे, तुमचं आहे. सासूबाई कुठे बसणार, त्यांना पोहता येत नाही, हेही आहे. पण त्यांना बोटीत यायचंय का, हे कुणी विचारलेलं दिसत नाही. बुकिंगच्या आधी विचारा. आणि त्या ‘तुम्ही जाऊन या’ म्हणाल्या, तर काठावर त्यांच्यासोबत थांबायला एक माणूस लागेल, म्हणजे बोटीत उरली आठ.

— ताई